बाल न्याय मंडळापुढे ‘गुन्हा कबूल’: अपिलात काय टिकते आणि काय गळते

बाल न्याय मंडळाच्या ३ मार्च २०२५ च्या रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, चारच ओळी आहेत. ‘बालक वडिलांसह हजर. बालकातर्फे वकील गैरहजर. आरोपाचा सारांश वाचून दाखवला, बालकास समजला, गुन्हा कबूल. आदेश स्वतंत्र पानावर.’ त्या स्वतंत्र पानावर बालकाला एक वर्षासाठी विशेष गृहात (गुन्हा केल्याचे ठरलेल्या बालकांच्या निवासी संस्थेत) पाठवण्याचा आदेश आहे. ‘समज देऊन सोडतील’ असे सांगण्यात आल्याने वडील त्या दिवशी खाडा करून आले होते.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. तारखा आणि घटनाक्रम काल्पनिक आहेत. कायदा, कलमे आणि निवाडे खरे. खऱ्या बालकाची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करणे बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, म्हणून ही वाट.

घटना आणि कागद

२० नोव्हेंबर २०२४ च्या रात्री एका बंद घरात चोरी झाली. दोन प्रौढ आणि एक सतरा वर्षांचा मुलगा यांची नावे पुढे आली. एरवी बालकाविरुद्ध सरसकट एफआयआर नोंदवता येत नाही. २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम ८ प्रमाणे आरोप जघन्य गुन्ह्याचा असेल किंवा गुन्हा प्रौढांसोबत केल्याचा आरोप असेल तरच एफआयआर होतो, बाकी वेळी डायरीत नोंद. इथे प्रौढ सोबत असल्याने एफआयआर झाला. कलमे लावली भारतीय न्याय संहितेची ३३१(४), ३०५ आणि ३(५).

३३१(४) मध्ये चोरीच्या हेतूने रात्री घरफोडी केल्यास चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चौदा हा आकडा पाहून हा जघन्य गुन्हा समजण्याची चूक वकीलही करतात. जघन्य गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा लागते. कमाल शिक्षा सात वर्षांहून जास्त, पण किमान शिक्षा दिलेलीच नाही, अशा गुन्ह्यांचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली शिल्पा मित्तल प्रकरणात सोडवला आणि २०२१ च्या दुरुस्तीने तो कायद्यातच बसवला. असे गुन्हे ‘गंभीर’ वर्गात येतात. त्यामुळे या मुलाचे कलम १५ खालचे प्राथमिक मूल्यमापन होण्याचा किंवा त्याला प्रौढ म्हणून बालन्यायालयात (सत्र न्यायालयाच्या पातळीच्या न्यायालयात) पाठवण्याचा प्रश्न नव्हता. मंडळाने चौकशी समन्स खटल्याच्या पद्धतीने करायची आणि आदेश कलम १८(१) खाली द्यायचा. विशेष गृहाची कमाल मुदत तीन वर्षे.

मुलाला २२ नोव्हेंबरला संध्याकाळी ताब्यात घेतले. मंडळाच्या एका सदस्यापुढे हजर केले २४ तारखेला दुपारी, म्हणजे चोवीस तास उलटून गेल्यावर. पोलीस ठाण्यात एका जबाबावर त्याची सही घेतलेली आहे. बालकाकडून कोणत्याही जबाबावर सही घेऊ नये, त्याला कबुलीसाठी भाग पाडू नये, असे नियम ८ स्पष्ट सांगतो. २९ तारखेला जामीन झाला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने वकील नेमला. पुढच्या तारखांना कधी सदस्य नसत, कधी पोलिसांची कागदपत्रे नसत. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांत यायला हवा होता. तो ३ मार्चपर्यंत आलेला नव्हता. आला १२ मार्चला, आदेशानंतर नऊ दिवसांनी.

त्या उशिरा आलेल्या अहवालात मुलाचे म्हणणे त्याच्या शब्दांत आहे: ‘मी बाहेर उभा होतो. ते आत गेले. काय आणायला गेले ते मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी मला दोन हजार दिले.’

हे वाक्य आणि रोजनाम्यातले ‘गुन्हा कबूल’ शेजारी ठेवले की प्रकरण उघडे पडते. बाहेर पहाऱ्याला उभा राहणारा समान उद्देशाच्या कलमात अडकू शकतो, पण त्यासाठी आत काय चालले आहे हे त्याला माहीत असावे लागते. मुलगा म्हणतो, नंतर कळले. हे खरे की खोटे, हे चौकशीतच ठरणार होते. यात घरफोडीची कबुली मात्र नाही.

पहिला अडथळा: ‘कबूल केलेय, अपील चालत नाही’

वडील नक्कल घेऊन आले की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला हाच मिळतो. त्यामागे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (यापुढे ‘संहिता’ म्हणजे हीच) कलम ४१६ असते, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३७५. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवर प्रथम किंवा द्वितीय वर्ग दंडाधिकाऱ्याने अथवा सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, तर अपील नाही. अपवाद फक्त शिक्षेचे प्रमाण किंवा तिची कायदेशीरता.

बालकाच्या बाबतीत हे कलम लागू होते असे धरून चालणे चूक आहे, आणि का ते मजकुरावरूनच दाखवता येते. ४१६ ची सुरुवात ‘कलम ४१५ मध्ये काहीही असले तरी’ अशी आहे. म्हणजे ते कापते ४१५ ने दिलेला अपिलाचा हक्क. बालकाचा हक्क ४१५ मधून आलेला नाही. तो बाल न्याय अधिनियमाच्या कलम १०१(१) मधून येतो: मंडळाच्या आदेशाने व्यथित झालेली कोणतीही व्यक्ती तीस दिवसांत बालन्यायालयात अपील करू शकते. कुठे अपील नाही हेही त्याच कलमाने सांगितले आहे. १०१(३) मध्ये दोनच गोष्टी आहेत: जघन्य गुन्ह्याचा आरोप असलेला सोळा वर्षांवरचा बालक सोडून इतर बालकाची मंडळाने केलेली निर्दोष मुक्तता, आणि एखादी व्यक्ती काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक नाही हा बालकल्याण समितीचा निष्कर्ष. कबुलीवरचा आदेश या यादीत नाही. संसदेने स्वतःची यादी दिली असताना तिच्यात तिसरे कलम दुसऱ्या कायद्यातून आणून चिकटवता येत नाही.

सरकारी वकिलाकडून दोन उत्तरे येतात. एक, कलम ४(२) प्रमाणे मंडळाला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, म्हणून ४१६ मधील ‘दंडाधिकारी’ म्हणजे मंडळच. दोन, कलम १०३(२) प्रमाणे अपिलांना शक्य तोवर संहितेची पद्धत लागू होते. पहिल्यात अधिकार आणि ओळख यांची गल्लत आहे: अधिकार दंडाधिकाऱ्याचे असले तरी आदेश देतो तो एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते यांचा न्यायपीठरूपी गट. दुसरे उत्तर मजकुरापुढे टिकत नाही. १०३(२) अपील कसे ऐकायचे ते सांगते. अपील आहे की नाही हे १०१ सांगते. याला कलम १(४) ची जोड द्यावी: विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या) बालकांच्या सर्व बाबींत हा अधिनियम इतर कायद्यांवर मात करतो.

याहून भक्कम आधार कलम ३ मध्ये आहे, पण अपिलाच्या मेमोत (लेखी अर्जात) तो क्वचितच दिसतो. त्यातले नववे तत्त्व अधिकारत्यागाला मनाई करते. बालकाचा कोणताही हक्क सोडून देणे वैध नाही, मग ते बालकाने मागितलेले असो, त्याच्या वतीने कोणी मागितलेले असो, की मंडळाने. अमेरिकेत नेमके उलटे चालते: १९७३ च्या टॉलेट विरुद्ध हेंडरसन निवाड्यापासून तिथे नियम असा की कबुली दिली की तिच्या आधीच्या बहुतेक घटनात्मक तक्रारी मागे पडतात, आणि टेक्सासच्या कौटुंबिक संहितेत तर ठरवून दिलेल्या कबुलीनंतर बालकाला अपिलासाठी न्यायालयाची परवानगी लागते; सूट फक्त निवाड्याआधीच्या लेखी अर्जांत मांडलेल्या मुद्द्यांना. आपल्या कायद्याने ती वाट बालकांसाठी बंद ठेवली आहे. वाटाघाटीतून कबुली देण्याचे प्रकरणच, म्हणजे प्ली बार्गेनिंग, बालकांना लागू नाही असे संहितेचे कलम ३०० सांगते. म्हणून ‘कबूल कर, समज देऊन सोडतील’ हा व्यवहार कोणत्याही कलमात बसत नाही, मग तो कारकुनाने केलेला असो की पोलीस शिपायाने.

एवढे असूनही अपिलाचा मेमो ४१६ लागू होईल असे गृहीत धरूनच लिहावा. मुख्य मुद्दा: ४१६ लागू नाही. पर्यायी मुद्दा: लागू असले तरी ‘कबुली’ म्हणजे कायद्याने मान्य अशी कबुली, आणि इथे ती नाही. तिसरा: कबुली खरी धरली तरी आदेशाची कायदेशीरता खुली आहे. तीनही थर पहिल्याच दिवशी मेमोत हवेत. बालन्यायालयाने अपिलात दिलेल्या आदेशावर दुसरे अपील नाही, १०१(४) मुळे. पुढे राहते ते कलम १०२ खालचे उच्च न्यायालयातले पुनरीक्षण (रिव्हिजन), आणि तिथे नवा मुद्दा काढणाऱ्याला ‘खाली का सांगितले नाही’ हे विचारले जातेच.

कोणती चूक कुठे टाकायची

हातात पाच चुका आहेत. सगळ्या सारख्या नाहीत, आणि सगळ्या एकाच सुरात मांडल्या की चांगल्याही बुडतात.

सर्वांत जड चूक कबुलीच्या नोंदीची. समन्स खटल्यात आरोपीला आरोपाचा तपशील सांगायचा (संहितेचे कलम २७४), आणि त्याने कबुली दिली तर ती ‘शक्य तितकी त्याच्याच शब्दांत’ लिहायची. मग दंडाधिकारी स्वविवेकाने दोषी ठरवू शकतो (कलम २७५). जुन्या संहितेतल्या अशाच तरतुदीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या प्रकरणात म्हटले की ही आवश्यकता बंधनकारक आहे आणि ती मोडली तर दोषसिद्धी टिकत नाही. तो खटला प्रौढाचा होता. सतरा वर्षांच्या मुलाला त्याहून कमी संरक्षण मिळावे असे कोणी म्हणणार नाही.

इथे नोंद छापील नमुन्यावर आहे. नाव आणि तारीख हाताने, बाकी मजकूर छापलेला. ‘आरोप वाचून दाखवला’ म्हणजे काय वाचले? कलमांचे आकडे वाचले की ‘तू घरात शिरलास का’ असे विचारले? नमुन्यात ते नाही. मुलाची घरची बोली वेगळी आहे. दुभाषाची सोय करणे हे अधिनियमाच्या कलम ८(३) प्रमाणे मंडळाचे काम, त्याची नोंद नाही. या चुकीचा परिणाम दाखवायला १२ मार्चचा अहवाल पुरेसा आहे: मुलाचे शब्द लिहिले असते तर ती कबुली ठरलीच नसती. संहितेचे कलम ५११ विचारते, चुकीमुळे न्याय चुकला का? त्याचे उत्तर या एका तुलनेत आहे. अहवाल कलम ९९ प्रमाणे गोपनीय असतो, पण त्याचा सारांश बालकाला किंवा पालकाला देता येतो. तो अर्ज करून मागावा. तोंडी ऐकून मेमोत अवतरण टाकू नये.

दुसरी चूक वकिलाची गैरहजेरी. बालकाला मोफत विधी सेवेचा हक्क विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ ने मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. आणि ती मिळवून देणे ही बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८(३) प्रमाणे मंडळाचीच जबाबदारी आहे. सुक दास प्रकरणात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने वकिलाशिवाय झालेली दोषसिद्धी रद्द केली. आरोपीने वकील मागितला नव्हता, हे कारण तिथे चालले नाही. आपल्या प्रकरणात वकील नेमलेला होता, त्या तारखेला नव्हता. यावर ‘सोय केलेली होती’ असे उत्तर येईल. त्याला उत्तर: गैरहजेरी मंडळाला माहीत होती, रोजनाम्यात लिहिलेली आहे, आणि तरी त्याच बैठकीत चौकशीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा उरकला. पुढची तारीख द्यायला काही अडचण नव्हती. चौकशीची चार महिन्यांची मुदत अजून संपलेली नव्हती.

तिसरी आणि चौथी चूक कबुलीला न छेडता आदेशाला लागतात. कलम १८(१) वाचले तर आदेश देण्याआधी दोन गोष्टी लागतात. मंडळाची ‘चौकशीअंती’ खात्री, आणि गुन्ह्याचे स्वरूप, देखरेखीची गरज, सामाजिक तपासणी अहवालात आलेली परिस्थिती व आधीची वागणूक यांचा विचार. अहवालच नसताना वर्षभर विशेष गृह ठरवले कशावरून? समज देण्यापासून परिवीक्षेपर्यंतचे पर्याय का नाकारले, याची एक ओळही आदेशात नाही. ही चूक ४१६ लागू धरले तरी ऐकली जाते, कारण ती शिक्षेच्या कायदेशीरतेची आहे.

गणपूर्तीचेही तसेच. मंडळाचा एखादा सदस्य एखाद्या टप्प्यावर नसला एवढ्यावरून आदेश अवैध होत नाही, पण अंतिम निकालाच्या वेळी प्रमुख दंडाधिकाऱ्यासह किमान दोघे हजर हवेत, असे कलम ७(३) चे परंतुक म्हणते. इथे आदेशावर दोन सह्या आहेत. सदस्याच्या सहीखाली तारीख आहे ५ मार्च, आदेशाची तारीख ३ मार्च. आदेशाची नक्कल घेणारे बहुतेक जण सह्यांखालच्या तारखा वाचत नाहीत.

पाचवी चूक पोलिसांची: उशिरा हजेरी आणि जबाबावरची सही. नातेवाइकांना हीच सर्वांत मोठी वाटते, आणि अपिलात ती एकटी सर्वांत कमी चालते. चोवीस तासांचा भंग झाला म्हणून पुढची चौकशी आपोआप रद्द होत नाही, आणि ५११(२) तर विचारायला लावते की ही हरकत आधीच घेता आली नसती का. नोव्हेंबर–डिसेंबरमधल्या दोन तारखांना वकील हजर होता आणि गप्प होता. म्हणून हा मुद्दा वेगळा परिच्छेद करून मांडू नये. तो कबुलीच्या ऐच्छिकतेला जोडावा: ज्या मुलाकडून ठाण्यात आधीच सही घेतलेली होती, त्याला मंडळापुढे ‘आता नाही म्हणून उपयोग नाही’ असे वाटले. कबुलीआधीची चूक कबुलीच्या आत शिरलेली दाखवता आली तरच ती जगते. नाही तर कबुली राहो की जावो, ती निकालाबाहेरच राहते.

रोजनामा आणि शपथपत्र

‘सोडतील म्हणून सांगितलं होतं’ हे सिद्ध कसे करायचे? इथे बरीच अपिले फसतात. न्यायालयात काय घडले याची नोंद अभिलेखात असेल तर ती शपथपत्राने खोडता येत नाही. १९८२ च्या महाराष्ट्र राज्य विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक या निवाड्याने सांगितले की नोंद चुकली असे वाटत असेल तर ज्या न्यायाधीशापुढे घडले त्याच्याकडेच, आठवण ताजी असताना जायचे. म्हणून वडिलांच्या शपथपत्रात ‘मंडळाने वाचून दाखवलेच नाही’ असे लिहिणे वाया जाते, उलट विश्वासार्हता घालवते. शपथपत्र मंडळाच्या खोलीबाहेर घडलेल्या गोष्टींपुरते ठेवावे: कोणी, कुठे, काय सांगितले, त्या वेळी वकिलाशी बोलणे झाले होते का. खोलीत घडलेल्याबद्दल अभिलेखच बोलू द्यावा. या प्रकरणात तो पुरेसे बोलतो: वकील गैरहजर, छापील नमुना, सह्यांच्या तारखा, अहवालाचा आवक शिक्का १२ मार्च.

नोंदीच्या चुकीबद्दल मंडळाकडे अर्ज करायचा असेल तर त्याच आठवड्यात. पण मंडळाकडून कबुली मागे घेऊन मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. सही झालेला आदेश लेखनचूक सोडून बदलता येत नाही, संहितेचे कलम ४०३. कबुलीचा दिवस आणि आदेशाचा दिवस वेगळे असते तर मधल्या दिवसांत कबुली मागे घेण्याचा अर्ज देता आला असता, आणि कलम २७५ मध्ये दोषी ठरवणे ऐच्छिक असल्याने तो मान्य होण्याची खरी संधी असते. इथे दोन्ही एकाच दिवशी उरकले, तेही मेमोत सांगण्याजोगे आहे.

मुदत

आदेश ३ मार्चचा. तो दिवस वगळून तीस दिवस २ एप्रिलला संपतात. नकलेचा अर्ज ४ मार्चला दिला, नक्कल १३ मार्चला तयार झाली. मुदत अधिनियमाचे कलम १२ कलम २९(२) मुळे इथेही लागते, म्हणून हे दहा दिवस वगळले जातात आणि शेवटचा दिवस १२ एप्रिल येतो. तो दुसरा शनिवार. १३ ला रविवार, १४ ला आंबेडकर जयंती. कलम ४ प्रमाणे न्यायालय उघडेल त्या दिवशी, १५ एप्रिलला अपील दाखल केले तरी ते मुदतीत आहे.

नकलेचा अर्ज उशिरा दिला असता तर? ३ मार्चपासून अर्जापर्यंत घालवलेले दिवस वगळले जात नाहीत. मुदत संपल्यावर अर्ज दिला तर नकलेचा वेळ काहीच वाचवत नाही. पुरेसे कारण असेल तर उशीर माफ होतो, तशी तरतूद १०१(१) मध्येच आहे. ‘अपील होत नाही असे सांगण्यात आले’ हे कारण मांडता येते, पण कोणी आणि केव्हा सांगितले ते लिहावे लागते. आणि मूल विशेष गृहात असताना उशीरमाफीवर दोन-तीन तारखा जाणे हा तोटा भरून निघत नाही.

नकला तीन मागाव्यात, एक नव्हे: आदेशाची, पहिल्या हजेरीपासूनच्या संपूर्ण रोजनाम्याची, आणि कबुलीच्या नमुन्याची. नुसत्या आदेशाच्या नकलेवर अपील दाखल होते, पण वर सांगितलेल्या पाचपैकी तीन चुका आदेशात दिसतच नाहीत. शीर्षकात बालकाचे नाव घालू नये. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक, वडिलांमार्फत’ एवढे पुरते. पत्ता आणि शाळेचे नाव मेमोच्या मुख्य भागात न घेता बंद लिफाफ्यात द्यावे.

काय मागायचे

अपिलासोबत त्याच दिवशी आदेशाच्या स्थगितीचा अर्ज हवा, संहितेचे कलम ४३०, जोडीला अधिनियमाचे कलम १२. अपिलाचा निकाल तीस दिवसांत लागावा असे १०१(१) म्हणते, व्यवहारात तेवढ्यात लागेलच असे नाही. स्थगिती नसेल तर एका वर्षाच्या आदेशातले काही महिने निकालाआधीच भोगून झालेले असतात.

मुख्य मागणी काय असावी, यावर विचार करावा लागतो. आदेश रद्द करून बालकाला मुक्त करा, अशी मागणी मोहक आहे, पण पुरावा नोंदलाच नसल्याने न्यायालय तिथवर जाण्याची शक्यता कमी. व्यवहार्य मागणी म्हणजे कबुलीची नोंद आणि आदेश दोन्ही रद्द करून २७४ च्या टप्प्यापासून, वकिलाच्या उपस्थितीत, नव्याने चौकशी. पर्यायी मागणी: निष्कर्ष ठेवला तरी अहवाल विचारात घेऊन कलम १८ चा आदेश पुन्हा ठरवावा. कुटुंबाला यातला फरक समजावून सांगावा. नव्या चौकशीच्या मागणीत मुलगा पुन्हा ‘आरोप असलेला’ होतो आणि तारखा सुरू होतात. पर्यायी मागणीत तो घरी येण्याची शक्यता लवकर आहे, पण गुन्हा केला हा निष्कर्ष कायम राहतो.

‘रेकॉर्ड तर नष्ट होते, मग निष्कर्षाचे काय एवढे?’ हा प्रश्न कुटुंबाकडून येतो आणि तो रास्त आहे. कलम २४ प्रमाणे दोषसिद्धीमुळे अपात्रता येत नाही आणि अभिलेख मुदतीनंतर नष्ट करायचा असतो. पण तोवर दुसरे प्रकरण उभे राहिले तर कलम १८ मधली ‘आधीची वागणूक’ याच कागदावरून वाचली जाते. शिवाय नव्या चौकशीचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. गंभीर गुन्ह्यात मंडळाने निर्दोष ठरवले तर त्याविरुद्ध राज्याला अपील नाही, १०१(३) मुळे. राज्याच्या हाती फक्त पुनरीक्षण राहते. बाहेर उभ्या असलेल्या मुलाविरुद्धचा पुरावा कमकुवत असेल तर हे वजन मोठे आहे.

मुलगा मधल्या काळात अठरा वर्षांचा होईल. त्याने काही बिघडत नाही. कलम ५ प्रमाणे चौकशी तो बालकच आहे असे धरून पुढे चालते.

परत पाठवल्यावर

नव्या चौकशीच्या पहिल्या तारखेला दोन गोष्टी लेखी द्याव्यात. एक, रद्द झालेला कबुलीचा नमुना नव्या नोंदीपासून वेगळा ठेवावा आणि साक्षीदारांच्या तपासणीत त्याचा उल्लेख होऊ देऊ नये. नमुना त्याच धारिकेत पुढच्या पानावर राहिला तर नवा सदस्य तो आधी वाचतो. दोन, मुदतीची हरकत. चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची, मंडळाला जास्तीत जास्त दोन महिने वाढवता येतात. २४ नोव्हेंबरपासून धरले तर अपील निकाली निघेपर्यंत सहा महिने सहज उलटतात. किरकोळ गुन्हा असता तर कलम १४(४) प्रमाणे कार्यवाही आपोआप संपली असती. गंभीर गुन्ह्यात तसे होत नाही, पण पुढची मुदतवाढ मंडळ स्वतः घेऊ शकत नाही. ती मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याने लेखी कारणांसह द्यावी लागते. अशी वाढ मिळालेली आहे का, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या कारणाने, हे रोजनाम्यात नोंदवून घ्यावे, आणि आरोपाचा सारांश पुन्हा वाचला जाईल तेव्हा वकिलाने मुलाच्या शेजारी उभे राहून त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहिले जाते आहे याची खात्री करावी.